रोमन सम्राज्ञींची चांदीची नाणी

सम्राटांच्या पत्नी, आई, बहिणी व मुली यांच्या मुद्रा असलेली रोमन नाणी, मुख्यतः डिनेरियस (रोमचे नेहमीचे चांदीचे नाणे). व्यास साधारण 17 ते 20 मिमी. सम्राट नीरोने इ.स. 64 मध्ये वजन घटवल्यावर ते सुमारे 3.4 ग्रॅमवर आले.

सम्राटाच्या नाण्यावर बहुधा ट्रिब्यूनपदाचे वर्ष किंवा कॉन्सुलपदाची संख्या (ही दोन्ही रोमन राज्यपदे) असते आणि त्यावरून साल काढता येते. स्त्रियांना ही पदे नव्हती. त्यामुळे सम्राज्ञीच्या नाण्याचा काळ पदवी, केशरचना आणि मागील बाजूचे चित्र यांवरून ठरवावा लागतो. यांत पदवी सर्वांत भरवशाची. सेप्टिमियस सेव्हेरसची पत्नी ज्युलिया डोम्ना हिच्या नाण्यांवर 193 ते 196 ‘युलिया डोम्ना आउग’ (‘आउग’ म्हणजे ‘आउगुस्टा’, सम्राज्ञीची पदवी), 211 पर्यंत ‘युलिया आउगुस्टा’ आणि पतीच्या मृत्यूनंतर ‘युलिया पिया फेलिक्स आउग’ असा लेख येतो. सम्राट अँटोनायनस पायसची पत्नी थोरली फाउस्टिना हिच्या लेखात ‘दिवा’ (लॅटिनमध्ये ‘देवत्व पावलेली’) असेल, तर नाणे तिच्या मृत्यूनंतरचे. अँटोनायनस पायसने ती 161 पर्यंत पाडली, म्हणून हीच अधिक सापडतात. लेख वाचताना ‘उ’ आणि ‘व’ यांना एकच अक्षर असते, हे ध्यानात ठेवावे.

थोरल्या फाउस्टिनाच्या वेण्या डोक्यावर गुंडाळलेल्या, तर तिची मुलगी धाकटी फाउस्टिना हिचा अंबाडा मागे असतो. लेख झिजला तरी दोघी ओळखू येतात. मागील बाजूस जूनो, व्हीनस, व्हेस्टा किंवा पिएतास (भक्तिभावाची देवता) यांपैकी एखादी देवी असते. धाकटीच्या एका नाण्यावर आसनावर दोन बालके आहेत. त्यांचा संबंध 161 मध्ये जन्मलेला तिचा मुलगा कोमोडस व त्याच्या जुळ्या भावाशी लावतात.

खांद्याखाली चंद्रकोर दिसली तर ते डिनेरियस नव्हे, तर ज्युलिया डोम्नाचा मुलगा सम्राट काराकाल्ला याने 215 मध्ये सुरू केलेले, दुप्पट मूल्याचे मानले जाणारे अँटोनिनियानस होय. दक्षिण भारतात पुरून ठेवलेल्या नाण्यांच्या साठ्यांत विपुल मिळणाऱ्या सम्राट टायबेरियसच्या डिनेरियसवरील बसलेली स्त्री अनेकांच्या मते त्याची आई लिव्हिया आहे. मात्र तिथे तिचे नाव नसल्याने ते नाणे या वर्गात धरू नये.

सेव्हेरसच्या काळात चांदी निम्म्यावर आली, बाकीचे मुख्यतः तांबे. अशी नाणी चिंच-लिंबाने कधीही घासू नयेत: आम्लाने तांबे विरघळते आणि पृष्ठभाग सच्छिद्र होतो. जमिनीत राहून चांदी ठिसूळ झालेली असते, म्हणून वाकलेले नाणे सरळ करू पाहिल्यास तुटते. माती काढायला डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवणे पुरते. कडेला हिरवट तांबे उघडे पडलेले आणि वजनही कमी असेल, तर ते बहुधा तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेले प्राचीन बनावट नाणे असते.