अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक: पदविभाजनाच्या नियमाची पार्श्वभूमी

शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या मोठ्या कंपन्यांत संचालक मंडळाचा अध्यक्ष आणि रोजचा कारभार पाहणारा व्यवस्थापकीय संचालक ही पदे दोन वेगळ्या व्यक्तींकडे असावीत, हा नियम आपल्याकडे मे २०१८ मध्ये आला, जानेवारी २०२० मध्ये पुढे ढकलला गेला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ऐच्छिक झाला. म्हणजे सक्तीचा नियम म्हणून तो एक दिवसही अमलात आला नाही. असे का झाले, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

फार मागे म्हणजे मॅनेजिंग एजन्सीच्या काळात. मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या त्या याच पद्धतीवर. भांडवल भागधारकांचे, कारभार मात्र एजन्सी चालवणाऱ्या घराण्याचा, आणि मोबदला सुरुवातीला नफ्यावर नव्हे तर उत्पादनावर, पौंडभर वजनामागे पाव आणा. गिरणी तोट्यात असली तरी एजंटाचे कमिशन चालू राही. १९५६ च्या कंपनी कायद्याने हा मोबदला निव्वळ नफ्याच्या १० टक्क्यांपर्यंत आणला, एका एजंटाकडे जास्तीत जास्त १० कंपन्या असे बंधन घातले आणि ३ एप्रिल १९७० पासून ही पद्धतच बंद झाली. पण एजन्सी गेली तरी घराणी राहिली. एजन्सीत बसणारी माणसे संचालक मंडळात येऊन बसली आणि ‘अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक’ असे जोडपद पुढची कित्येक वर्षे स्वाभाविक मानले गेले. सार्वजनिक उपक्रमांतही तीच रीत पडली.

ब्रिटनमध्ये १९९२ च्या एका अहवालाने या दोन पदांच्या विभागणीचा आग्रह धरला आणि तिथून हा विचार जगभर गेला. आपल्याकडे २००० साली शेअर बाजाराच्या सूचिकरार-पत्रात, म्हणजे सूचिबद्ध कंपनीने बाजाराशी करायच्या करारात, कलम ४९ आले. त्यात स्वतंत्र, म्हणजे कंपनीशी किंवा तिच्या मालकांशी हितसंबंध नसलेल्या, संचालकांचे प्रमाण ठरले, लेखापरीक्षण समिती सक्तीची झाली, पण पदविभाजनाची सक्ती आली नाही.

जानेवारी २००९ च्या हैदराबादच्या ‘सत्यम’ प्रकरणाचा उल्लेख या विषयात नेहमी होतो, पण त्यातला एक तपशील हमखास निसटतो. त्या संगणक-सेवा कंपनीच्या अध्यक्षांनी सात हजार कोटींहून मोठ्या घोटाळ्याची लेखी कबुली दिली. तिथे अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक ही पदे एकाच माणसाकडे नव्हती. ती दोन सख्ख्या भावांकडे होती. आणि घोटाळा उघड होण्याआधी महिनाभरच, डिसेंबर २००८ मध्ये, त्याच संचालक मंडळाने अध्यक्षांच्या मुलांच्या दोन कंपन्या विकत घेण्याचा प्रस्ताव मंजूर केला होता. तो अडवला तो मंडळाने नव्हे, बाहेरच्या गुंतवणूकदारांच्या संतापाने. कागदावर दोन खुर्च्या असल्या म्हणजे एकाने दुसऱ्याला जाब विचारलाच असे होत नाही, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण आपल्याकडे नाही.

२०१३ च्या कंपनी कायद्याने पहिल्यांदा लिहिले की एकच व्यक्ती एकाच वेळी दोन्ही पदांवर नसावी. पण त्याच वाक्यात पळवाट होती: कंपनीच्या नियमावलीत तशी मुभा असली तर चालेल. नियमावली बदलणे प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनी उभी करून तिच्यावर ताबा ठेवणाऱ्यांच्या, हातात, त्यामुळे तरतूद पुस्तकात राहिली.

जून २०१७ मध्ये भांडवली बाजाराच्या नियामकाने, म्हणजे ‘सेबी’ने, समिती नेमली आणि ऑक्टोबरमध्ये तिचा अहवाल आला. शिफारस अशी होती की ज्या कंपन्यांत जनतेचा हिस्सा ४० टक्क्यांहून अधिक आहे, तिथे एप्रिल २०२० पासून अध्यक्ष कार्यकारी, म्हणजे रोजच्या कारभारात असलेला, नसावा. नियामकाने निकष बदलून बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० कंपन्या निवडल्या. मे २०१८ च्या नियमात दोन अटी होत्या: अध्यक्ष बिगरकार्यकारी असावा, आणि तो व्यवस्थापकीय संचालकाचा किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा नातेवाईक नसावा. ज्या कंपन्यांना ओळखता येईल असा प्रवर्तकच नाही, त्यांना सूट होती. रोख कुणाकडे होता, हे या सुटीवरूनच स्पष्ट होते.

खरा वाद पेटला तो दुसऱ्या अटीवर. वडील अध्यक्ष आणि मुलगा व्यवस्थापकीय संचालक ही आपल्या उद्योगघराण्यांतली सर्वांत रूढ मांडणी. वारसाला तयार करण्याची ती पद्धत आहे, ती मोडून कंपनीचे भले कसे होणार, असा उद्योगसंघटनांचा युक्तिवाद होता. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पण नियमाने मुलाला कारभार सोपवायला मनाई केली नव्हती. त्या मुलाच्या कामाचा हिशेब घेणाऱ्या सभेचे अध्यक्षस्थान वडिलांकडे नसावे, एवढेच त्याचे म्हणणे होते. हा फरक चर्चेत पुसला गेला आणि ‘कुटुंबांवर आक्रमण’ असे चित्र उभे राहिले.

शिवाय नातेवाईक कोण, हे कंपनी कायद्याच्या व्याख्येवर अवलंबून. पती-पत्नी, आई-वडील, मुले, सून, जावई, भाऊ-बहीण आणि हिंदू अविभक्त कुटुंबाचे सदस्य एवढेच त्यात येतात. म्हणजे अविभक्त कुटुंब वेगळे झालेले असेल तर काका अध्यक्ष आणि पुतण्या व्यवस्थापकीय संचालक हे चालले असते. मामा-भाचेही चालले असते. आजोबा आणि नातूसुद्धा, कारण १९५६ च्या कायद्याच्या लांबलचक यादीतली नातवंडे नव्या यादीत उरली नाहीत. इतकी सैल जाळी असूनही विरोध झाला, यावरून तो कशासाठी होता याचा अंदाज येतो.

जानेवारी २०२० मध्ये, मुदतीला तीन महिने उरले असताना, नियामकाने दोन वर्षांची सवलत दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये पहिल्या ५०० पैकी ५०.४ टक्के कंपन्यांनी पालन केले होते. डिसेंबर २०२१ अखेर हा आकडा ५४ टक्क्यांवर अडकला होता. फेब्रुवारी २०२२ च्या सुरुवातीला केंद्रीय अर्थमंत्र्यांनी सुचवले की हा हुकूम नव्हे, पण कंपन्यांची काही मते असतील तर नियामकाने ती पाहावीत. १५ फेब्रुवारीला नियम ऐच्छिक झाला. पालनाचे असमाधानकारक प्रमाण, महामारीच्या अडचणी आणि आलेली निवेदने ही कारणे दिली गेली. निम्म्याहून अधिक कंपन्यांनी जे करून दाखवले, ते उरलेल्यांना अशक्य होते, हे पटत नाही. पालन कमी म्हणून नियम काढायचा, तर मुदत वाढवून मागणाऱ्याला पालन न करण्याचेच बक्षीस मिळते.

बँकांच्या क्षेत्रात हाच बदल फारशा गाजावाजाशिवाय झाला. खासगी बँकांत बँक-नियामकाने तो २००७ च्या सुमारास आणला. सरकारने डिसेंबर २०१४ मध्ये राष्ट्रीयीकृत बँकांतले जोडपद मोडले. देशातली सर्वांत मोठी सरकारी बँक मात्र त्यातून वगळली. बँक-नियामकाच्या एप्रिल २०२१ च्या परिपत्रकाने तर खासगी बँकांचा अध्यक्ष स्वतंत्र संचालकच असला पाहिजे असे ठरवले आणि व्यवस्थापकीय संचालकाच्या कारकिर्दीला १५ वर्षांची मर्यादा घातली. प्रवर्तक त्या पदावर असेल तर ती १२ वर्षे, अपवादात्मक परवानगीने १५.

बाकीच्या कंपन्यांसाठी आज उरते ती २००८ ची जुनी तरतूद. अध्यक्ष बिगरकार्यकारी असला तरी तो प्रवर्तक किंवा प्रवर्तकाचा नातलग असेल, तर संचालक मंडळात निम्मे सदस्य स्वतंत्र हवेत. बिगरकार्यकारी अध्यक्षाचे असे नाते नसेल तरच एकतृतीयांश पुरतात. म्हणजे अध्यक्षाचे नाते मोजण्याची कल्पना २०१८ मध्ये आकाशातून पडली नव्हती, ती दहा वर्षे नियमपुस्तकात होतीच. या निम्म्या स्वतंत्र संचालकांना निवडायचे कुणी, हा प्रश्न मात्र जुनाच होता, कारण साध्या बहुमताच्या ठरावात प्रवर्तकांची मतेच पुरेशी ठरत. जानेवारी २०२२ पासून स्वतंत्र संचालकांच्या नेमणुकीला विशेष ठराव, म्हणजे ७५ टक्के मते, लागतात. नोव्हेंबर २०२२ पासून दुसरा मार्गही आहे: विशेष ठराव पडला, पण एकूण मतांत आणि प्रवर्तकांखेरीज इतर भागधारकांच्या मतांतही बहुमत मिळाले, तर नेमणूक मंजूर होते.