विंडो मॅनेजरच्या शॉर्टकटची भानगड कुठून सुरू झाली

लिनक्सवर आय-थ्री किंवा डीडब्ल्यूएमसारखा विंडो मॅनेजर, म्हणजे स्क्रीनवरच्या विंडो मांडणारा प्रोग्राम, टाकला की माणूस आधी कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, उघडून आपल्या बोटांना जमतील असे शॉर्टकट लावत बसतो. ही मोकळीक एमआयटीतून आली. तिथे 1984 ला स्क्रीनवर विंडो दाखवणारी एक्स विंडो सिस्टिम सुरू झाली, 1987 ला तिची एक्स-11 ही आवृत्ती आली, आणि त्या लोकांनी ठरवूनच टाकलं होतं की कुठली की दाबल्यावर विंडोचं काय व्हावं यात सर्व्हरने, म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या एक्सच्या मुख्य प्रोग्रामने, नाक खुपसायचं नाही, ते विंडो मॅनेजर नावाचा वेगळा प्रोग्राम बघेल. मग काय, ज्याला जसं हवं तसा त्याने विंडो मॅनेजर लिहिला.

आत काय होतं, तर विंडो मॅनेजर सर्व्हरला आधीच सांगून ठेवतो की अमुक की अमुक मॉडिफायरसोबत (कंट्रोल, ऑल्टसारख्या जोडीने दाबायच्या कीसोबत) दाबली तर ती ॲपला देऊ नको, मला दे. पण जुळणी तंतोतंत लागते, आणि एक्सच्या लेखी नमलॉक हासुद्धा मॉडिफायरच, त्यामुळे नमलॉक चालू असला की शॉर्टकट मुका. यावरचा जुगाड डीडब्ल्यूएमच्या कोडमध्ये बघायला मिळतो: एकच शॉर्टकट चारदा मागायचा, साधा, नमलॉकसकट, कॅप्सलॉकसकट आणि दोन्हींसकट. भारी नाही, पण चालतं.

शॉर्टकटसाठी ऑल्ट घ्यावी, तर ती आधीच ईमॅक्स हा एडिटर, टर्मिनल, मेन्यू सगळ्यांनी वापरलेली, म्हणून मायक्रोसॉफ्टने 1994 ला आणलेली विंडोज की लिनक्सवाल्यांना आयती मिळाली, एक्सच्या भाषेत तीच आपली मॉड-4.

मराठी टायपिंगवाल्यांना वेगळाच त्रास. इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड लेआउटमध्ये डी च्या जागी हलन्त येतो, त्यामुळे नुसता मराठी लेआउट ठेवला तर आय-थ्रीचा मॉड+डी (मॉड म्हणजे आपण निवडलेली मॉडिफायर की), म्हणजे प्रोग्राम शोधायचा शॉर्टकट, चालतच नाही, कारण त्याला हवं ते डी अक्षर कीबोर्डवर उरलेलंच नसतं. कॉन्फिगमध्ये अक्षर घेणाऱ्या बाइंडसिमऐवजी नंबर घेणारा बाइंडकोड लिहून डी च्या कीचा 40 नंबर दिला की काम होतं, कारण तो नंबर अक्षराचा नसून कीचा असतो.

एक्सला पर्याय म्हणून 2008 ला सुरू झालेल्या वेलँडने तर डावच बदलला. तिथे सर्व्हर आणि विंडो मॅनेजर एकच, आणि बाहेरच्या ॲपला सगळीकडे चालेल अशी की परस्पर पकडता येत नाही, सुरक्षेसाठी ते बरंच आहे म्हणा. पण एक्सबाइंडकीजसारखी बाहेरून शॉर्टकट लावणारी टूल्स त्यात बाद झाली, आणि पुश-टू-टॉकवाल्या (की दाबून धरली तरच माइक चालू) ॲप्सची पंचाईत झाल्यावर ग्लोबल शॉर्टकट्सचं वेगळं पोर्टल, म्हणजे ॲपला असे शॉर्टकट मागून घेता येतील अशी सोय, काढावं लागलं, जे जीनोम या डेस्कटॉपमध्ये यायला 2025 उजाडलं.