हेर, स्पश आणि स्पष्ट

आंब्याच्या पेटीपुढे उभी राहून आई फळाला हातही न लावता म्हणायची, "तो कोपऱ्यातला द्या, देठाशी पिवळा झालेला." तिने आंबा आधीच हेरलेला असायचा. शिक्षक मुलातला गुण हेरतात, घार सावज हेरते. या हेरण्यात लपवाछपवी नाही. दहांतून नेमकं एक टिपणारी नजर आहे. 'हेर' याच 'हेरणे'च्या घरचा. गुप्तता हवी म्हणून आपण त्याला वेगळा 'गुप्त' जोडला आणि 'गुप्तहेर' केला.

12व्या शतकात हेमचंद्राने आपल्या संस्कृत कोशात 'हेरिक' नोंदवला. पण हेरासाठी संस्कृतात त्याहून कितीतरी जुना शब्द आहे: स्पश. ऋग्वेदात वरुणाच्या भोवती त्याचे स्पश बसलेले आहेत. 'स्पश्' या धातूचा अर्थ पाहणे. 'पश्यति' त्यातूनच आला, आणि आपण दिवसातून दहादा वापरतो तो 'स्पष्ट'ही. स्पष्ट म्हणजे मुळात 'दिसलेलं'. स्पश आणि स्पष्ट एकाच धातूची लेकरं आहेत, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच विचारात होतो.

हे घराणं भारताबाहेरही पसरलं आहे. संस्कृतात जिथे 'श' येतो तिथे लॅटिनमध्ये पुष्कळदा 'क' आणि जर्मॅनिक भाषांत 'ह' सापडतो. आपलं 'शत', लॅटिन 'केंटुम', इंग्रजी 'हंड्रेड' शेजारी ठेवून पाहा. त्याच नियमाने 'स्पश्'चा लॅटिन भाऊ 'स्पेक्', म्हणजे पाहणे. त्यातून 'स्पेक्टॅकल्स', आपला चष्मा. जर्मॅनिक भावंडातला 'ह' फ्रेंचमार्गे येताना गळाला आणि इंग्रजीत 'स्पाय' पोचला. ग्रीकांच्या तोंडी 'प' आणि 'क' यांची अदलाबदल झाली, 'स्पेक्'चं 'स्केप्' झालं. टेलिस्कोपमधला 'स्कोप' तो हाच. भाषाशास्त्रज्ञ असे नियम शेकडो शब्दांवर पडताळून पाहतात, तेव्हाच नातं मान्य होतं. नुसत्या उच्चाराच्या साम्यावर नाही.

'जासूस' मात्र या घराण्यातला नाही. तो अरबी. त्याच्या मुळाशी डोळा नाही, बोटं आहेत: हाताने चाचपणं, वैद्याने नाडी बघावी तसं. मराठीत त्याचा 'जासूद' झाला आणि कामही बदललं. पेशवाईतल्या पत्रव्यवहारात जासूदजोडी भेटते, ती पत्रं घेऊन धावणाऱ्या दोन निरोप्यांची.