‘आमच्या कॅमेऱ्यात चोरण्यासारखं आहे तरी काय?’

घरच्या वायफाय कॅमेऱ्याचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. अंगण, पार्किंग, फार तर एखादी मांजर. ते कोण कशाला हॅक करेल? पण हल्लेखोराला बहुतेकदा तुमचं चित्र नकोच असतं. त्याला हवा असतो कॅमेऱ्यातला छोटा संगणक आणि तुमचं इंटरनेट.

२०१६ मधला ‘मिराई’ आठवा. हा मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, नेटवर उघडी पडलेली उपकरणं शोधायचा आणि कंपनीने घालून दिलेले साठेक युजरनेम-पासवर्ड लावून बघायचा. ‘ॲडमिन-ॲडमिन’ छापाचे. बस्स, एवढंच! लाखो कॅमेरे, चित्रण साठवणारे डीव्हीआर, राउटर त्याच्या ताब्यात गेले. २१ ऑक्टोबरला अशाच फौजेने अमेरिकेतल्या ‘डाइन’ कंपनीच्या डीएनएस सेवेवर, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवर, एकाच वेळी असंख्य विनंत्यांचा मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले. मालकांना पत्ताही नव्हता, कॅमेरे नेहमीसारखेच चालू होते.

‘बंद करून चालू केला की झालं’ हेही अर्धंच खरं. मिराई मेमरीतच राहायचा, त्यामुळे रीस्टार्टने जायचा. पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत यायचा. काही उपकरणांत तर तो पासवर्ड बदलायची सोयच नव्हती. तिथे दोष ग्राहकाचा नाही, बनवणाऱ्याचा.