नागपूर ते नॅशव्हिल: एका अहिंसक लढ्याची पार्श्वभूमी

फेब्रुवारी १९६० मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात काळे विद्यार्थी दुकानांतल्या फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या खाद्यकाउंटरवर जाऊन बसू लागले. शिव्या आल्या, मारही आला. उलटा हात मात्र उगारायचा नाही, हे पक्कं होतं. या निग्रहाचा एक धागा आपल्या नागपूरला येऊन मिळतो.

या मुलांचे शिक्षक जेम्स लॉसन. त्यांचे वडील मेथडिस्ट पाद्री, पण स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणारे. आईला हिंसा मुळीच मान्य नव्हती. चौथीत असताना एका गोऱ्या पोराने रंगावरून शिवी दिली, तेव्हा छोट्या जेम्सने त्याच्या थोबाडीत मारली आणि घरी येऊन सांगितलं. स्वयंपाक करणाऱ्या आईने वळूनही न बघता विचारलं, "त्याने काय साधलं, जिमी?" घरच्यांची, देवाची तुझ्यावर माया आहे, ती एका शिवीने कमी होत नाही, असं ती समजावत राहिली. मला तरी लढ्याची खरी सुरुवात त्या स्वयंपाकघरात दिसते.

पुढे कोरियन युद्धासाठीची सक्तीची भरती नाकारून लॉसन १३ महिने तुरुंगात राहिले. १९५३ मध्ये ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले आणि इथे त्यांनी गांधींचा सत्याग्रह अभ्यासला. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर टाकलेल्या बहिष्काराची बातमीही त्यांनी नागपुरातल्याच वर्तमानपत्रात वाचली. १९५६ मध्ये ते मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी त्या बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि म्हणाले, थांबू नका, आत्ताच अमेरिकेच्या दक्षिणेत या.

किंग ज्याला 'आगापे' म्हणत, ते समोरच्याची लायकी न बघता केलेलं प्रेम. ते नुसतं ऐकून अंगी बाणत नाही. म्हणून नॅशव्हिलमध्ये चर्चच्या तळघरात लॉसन यांच्या तालमी चालत. काही जण गुंड होऊन ढकलत, शिव्या देत. बाकीचे डोकं कसं झाकायचं, खाली पडलेल्या साथीदाराला आडोसा कसा द्यायचा, हे शिकत. पुढे चळवळीचे नेते ठरलेले डायान नॅश आणि जॉन लुईस हे विद्यार्थी तिथेच तयार झाले. याला कुणी भाबडेपणा म्हणू नये. सोबत दुकानांवर कडकडीत बहिष्कारही होता, आणि १० मे १९६० रोजी ते काउंटर सर्वांना खुले होऊ लागले.

त्याच दिवसांत एक गोरा तरुण लॉसन यांच्यावर थुंकला. त्यांनी शांतपणे त्याच्याकडेच रुमाल मागितला. गोंधळून त्याने तो दिलाही. तोंड पुसून, रुमाल परत करून लॉसन यांनी विचारलं, मोटरसायकल आहे का तुझ्याकडे? मग दोघं गाडीविषयी बोलू लागले.