सीआर आणि डीआर: दोन्ही 'डिजिटल', मग चित्रात फरक का?

फिल्म गेली आणि चित्र संगणकावर दिसू लागलं की त्याला सरसकट 'डिजिटल एक्स-रे' म्हणतात. या एका नावाखाली दोन निराळी तंत्रं नांदतात: कॉम्प्युटेड रेडिओग्राफी म्हणजे सीआर आणि डिजिटल रेडिओग्राफी म्हणजे डीआर. घोळ नावातच आहे, कारण सीआरही डिजिटलच.

सीआरमध्ये फिल्मच्या काळासारखीच कॅसेट असते, आत मात्र फॉस्फर या चमकणाऱ्या पदार्थाची प्लेट. क्ष-किरणांची ऊर्जा ती धरून ठेवते. मग कॅसेट रीडरमध्ये घालायची. लाल लेसर प्लेटवरून फिरतो, निळसर प्रकाश बाहेर पडतो, तो मोजून चित्र तयार होतं. वाचायला उशीर झाला तर साठलेली ऊर्जा ओसरत जाते. डीआरमध्ये ही ने-आण नाही. क्ष-किरण टिपणारा सपाट पॅनलच संगणकाला थेट सिग्नल देतो.

आता गंमत बघा. सीआर प्लेट बऱ्याचदा 100 मायक्रोमीटरच्या पिक्सेलने वाचतात, तर नेहमीच्या डीआर पॅनलचा पिक्सेल साधारण 140 ते 200 मायक्रोमीटरचा. कागदावर सीआर सरस! पण लेसरचा प्रकाश फॉस्फरमध्ये पसरतो आणि कडा धूसर होतात. चांगल्या डीआर पॅनलमध्ये सीझियम आयोडाइडचे सुईसारखे स्फटिक असतात. ते क्ष-किरणांचं प्रकाशात रूपांतर करतात आणि तो प्रकाश त्यांच्यातून नळीतून जावा तसा सरळ खाली उतरतो. म्हणून थर जाड ठेवता येतो, जास्त किरण टिपले जातात आणि तरी कडा फारशा बिघडत नाहीत. पोहोचलेल्या माहितीपैकी किती चित्रात उतरली, हे डीक्यूई या मापाने कळतं. त्यात असा पॅनल नेहमीच्या सीआर प्लेटच्या जवळपास दुप्पट भरतो. तेवढ्याच डोसमध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या तेवढ्याच मात्रेत, सीआरचं चित्र जास्त दाणेदार दिसतं ते यामुळेच. सीझियम आयोडाइडऐवजी गॅडोलिनियमच्या संयुगाचा थर असलेले स्वस्त पॅनलही 'डीआर'च म्हणून विकले जातात. त्यांची आघाडी बरीच कमी.

विक्रेता दोन चित्रं शेजारी लावून दाखवतो, त्यावर मी तरी विसंबणार नाही. सॉफ्टवेअर कडा उठावदार करतं, कॉन्ट्रास्ट वाढवतं. आपण तुलना यंत्रांची समजतो, होते सॉफ्टवेअरची. फँटम (शरीराऐवजी ठेवायची चाचणीची वस्तू) एकच, केव्ही (नळीचा विद्युतदाब), एमएएस (नळीतला प्रवाह गुणिले वेळ) आणि अंतर तेच, आणि प्रक्रिया न केलेली मूळ चित्रं, एवढं तरी हवंच. डोसचा आकडाही मागून घ्यावा. फिल्मवर डोस जास्त झाला की ती काळी पडायची, चूक लगेच दिसायची. सीआर असो वा डीआर, इथे जास्त डोसचं चित्र उलट अधिकच स्वच्छ दिसतं.