पाणी चढतंय का उतरतंय? आयसीयूतल्या टक्क्यांबद्दल थोडं

मिरजेत एका हॉस्पिटलच्या आयसीयूत मी सिस्टर आहे, बारा वर्षं झाली. जत, तासगाव, कवठेमहांकाळ, शिराळा, शिवाय पलीकडनं अथणी-विजापूरचे पेशंटसुद्धा आमच्याकडं येतात आणि दाराबाहेर बाकड्यावर त्यांची माणसं भाकरीचा डबा मांडीवर घेऊन रात्र काढतात. दार उघडलं की सगळे उठून उभे राहतात आणि प्रश्न दोनच असतात, "मशीनवर टाकलंय म्हंजे संपलंच न्हवं?" आणि "सिस्टर, किती टक्के चान्स हाय?"

पहिल्याचं उत्तर आधी देते, कारण त्यापायी माणसं पेशंट घरी घेऊन गेलेली मी बघितलीत.

मण्यार चावलेला पोरगा आला होता, पावसाळ्यातली गोष्ट. रात्री जमिनीवर झोपला होता, चावलेलं कळलंच नाही (मण्यारचं असंच असतं, दुखत नाही, सूज नाही, खूणसुद्धा सापडत नाही), पहाटे पोटात दुखायला लागलं, मग पापण्या मिटायला लागल्या, गिळता येईना आणि इथं पोचेपर्यंत श्वास थांबत आलेला. नळी टाकली, व्हेंटिलेटर लावला. हात उचलून सोडला तर पडायचा, बाहुल्या मोठ्या झालेल्या, बॅटरी मारली तरी हलत नव्हत्या. बघणाऱ्याला वाटावं, गेला. पण मण्यारचं विष नसेच्या टोकाला मारतं, जिथनं स्नायूला निरोप जातो तिथं, त्यामुळं शरीर लुळं पडतं पण माणूस आत जागा असू शकतो, त्याला ऐकू येत असतं. झालेलं नुकसान सापाच्या लशीनंसुद्धा लगेच भरून येत नाही, नसेची टोकं आपली आपण दुरुस्त व्हायला काही दिवस लागतात आणि तेवढे दिवस त्याच्या वतीनं कुणीतरी श्वास घ्यायचा असतो. मी त्याच्याशी बोलतच काम करायचे, "बाळा, आता कुशीवर वळवते", "आता तोंड पुसते". पाचव्या दिवशी अंगठा हलला. नळी निघाल्यावर बसक्या आवाजात म्हणाला, आई रडत होती ते ऐकलंय, आणि कोण तरी घरी न्यायचं म्हणत होतं तेपण ऐकलंय.

व्हेंटिलेटर रोग बरा करत नाही हो. तो वेळ काढून देतो. त्या वेळात मूळ दुखणं हटणारं आहे का नाही, यावर सगळं ठरतं.

आयसीयू जन्मालाच अशा गोष्टीतनं आलं. १९५२ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली, श्वासाचे स्नायू लुळे पडलेली पोरं रोज ॲडमिट व्हायची आणि त्या वेळच्या मशीनवर ठेवलेल्या पहिल्या ३१ जणांतले २७ गेले. तेव्हा ब्योर्न इब्सेन नावाच्या भूल देणाऱ्या डॉक्टरनी एका १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छिद्र पाडायला लावून त्यातनं नळी घातली आणि हातानं रबरी पिशवी दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. मग जवळपास १५०० मेडिकलचे विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, हातानं पिशव्या दाबत बसले आणि मरणाचं प्रमाण निम्म्याच्या खाली आलं. पोलिओवर औषध तेव्हाही नव्हतं, आजही नाही. पुढच्या वर्षी इब्सेननी अशा पेशंटसाठी वेगळा वॉर्डच काढला. आजही पेशंट शिफ्ट करताना लिफ्टमध्ये मी अंबू बॅग, म्हणजे तसलीच हातानं दाबायची श्वासाची पिशवी, दाबत असते, तेव्हा ती पोरं मला आठवतात.

आता टक्के. पेशंट आला की पहिल्या २४ तासांतले सगळ्यात वाईट आकडे घेऊन एक स्कोअर काढतात, अपाची टू म्हणतात, अमेरिकेतल्या विल्यम क्नाऊस आणि त्यांच्या टीमनं १९८५ साली मांडला. टेंपरेचर, बीपी, नाडी, श्वास, रक्तातला ऑक्सिजन, सोडियम, क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारा आकडा), शुद्ध किती आहे, अशा १२ गोष्टी, वर वयाचे मार्क, वर जुनं मोठं दुखणं असेल तर त्याचे. शून्य ते ७१. २५ च्या वर गेला तर त्या काळच्या त्यांच्या पेशंटमध्ये निम्म्याच्या आसपास किंवा जास्त दगावायचे. पण नीट ऐका, याचा अर्थ तुमच्या वडलांचा निम्मा जीव गेलाय असा नाही. असे १०० पेशंट घेतले तर त्यातले साधारण निम्मे जातात एवढाच, कुठले निम्मे ते स्कोअर सांगत नाही. त्यातला एक मण्यारवाला पोरगा असू शकतो आणि एक लिव्हर पूर्ण निकामी झालेले आजोबा, आकडा जवळजवळ एकच पण दोघांची वाट वेगळी. म्हणून डॉक्टर टक्का सांगायला कचरतात, ते काही लपवत नसतात.

मग विचारायचं काय? सांगलीकरांना हे मी फार सोप्पं करून सांगते. ऑगस्टात आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी बघायला आपण जातो का नाही? ४० फुटाला इशारा, ४५ फुटाला धोका, हे शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. पण नुसतं "४१ आहे" एवढ्यावर कोण सामान माळ्यावर टाकतं? आपण विचारतो, चढतंय का उतरतंय, कोयनेतनं किती सोडलंय. पेशंटचं तेच. सहा अवयवांचा एक वेगळा स्कोअर असतो, सोफा म्हणतात, १९९६ मध्ये मांडलेला. फुप्फुस, हृदय-बीपी, लिव्हर, किडनी, मेंदू, रक्त गोठणं, प्रत्येकाला शून्य ते चार, सगळे मिळून २४. याची मजा अशी की तो रोज काढायचा असतो. २००१ साली छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं की पहिल्या ४८ तासांत हा स्कोअर वाढत गेला तर सुरुवातीला कितीही असो, निम्मे किंवा त्याहून जास्त पेशंट दगावले. म्हणजे आल्याआल्या कितीवर होता त्याइतकंच, दोन दिवसांत कुठल्या बाजूला गेला हे महत्त्वाचं. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं की राऊंडच्या वेळी डॉक्टरांना टक्के विचारू नका, विचारा की कालच्यापेक्षा किती अवयवांना आधार लागतोय, बीपीचं औषध वाढलं का कमी झालं, ऑक्सिजन किती लागतोय, लघवी किती झाली, आणि मूळ दुखणं परत फिरणारं आहे का. ही उत्तरं मिळतात.

एक गैरसमज आणखी, जास्त करू तेवढं चांगलं. फुप्फुस सुजलेल्या पेशंटला पूर्वी मोठे मोठे श्वास द्यायचे, रिपोर्ट छान यायचे. २००० साली अमेरिकेत ८६१ पेशंटवर तपासलं, किलोमागं १२ मिली हवा दिलेल्यांत जवळपास ४० टक्के गेले आणि ६ मिली दिलेल्यांत ३१ टक्के. मोठा श्वास आधीच सुजलेल्या फुप्फुसाला ताणून फाडत होता. आणि किलो कुठले, तर उंचीवरनं काढलेले, कारण माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. साडेपाच फुटी गड्याला साधारण ३८० मिली, एवढंसंच. मी टेपनं पेशंटची उंची मोजायला लागले की नातेवाईक दचकतात, "उंची कशाला वो मापताय?" हे त्यासाठी. रक्तातल्या साखरेचंही तसंच झालं, ती अगदी नॉर्मलला खेचून धरली तर २००९ च्या ६००० वर पेशंटांच्या अभ्यासात उलट जास्त माणसं गेली, २७.५ टक्के विरुद्ध २४.९.

हॉस्पिटलांच्या आकड्यांची तुलना करतानाही जरा जपून. जिथं बाकीच्यांनी हात टेकलेले पेशंट येतात तिथं मरणाचं प्रमाण जास्तच दिसणार, म्हणून गेलेले किती याला स्कोअरप्रमाणं जाणं अपेक्षित किती यानं भागायचं असतं, तेव्हा खरं कळतं. आणि आपल्याकडं पैसे संपले म्हणून सह्या करून घरी नेलेला माणूस गाडीत किंवा दारात गेला तर तो कुठल्याच हॉस्पिटलच्या मृत्यूत येत नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण ते असं आहे.

आणि हो, काही वेळा पाणी उतरत नाही. अवयव एकामागनं एक बंद पडत जातात आणि मशीन नुसतं मरण लांबवतं. तेव्हा थांबायचं म्हणणाऱ्या घरच्यांना कुणी पापी म्हणू नये. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये याला मान्यता दिलीय आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केलीय, डॉक्टरांची दोन बोर्डं बघतात, मग निर्णय होतो.

जीव वाचून घरी गेलेल्यांचं पुढं काय होतं ते फार कमी लोक बोलतात. गंभीर पेशंटच्या मांडीचा स्नायू पहिल्या दहा दिवसांतच सरासरी सतरा-अठरा टक्के बारीक होतो, हे सोनोग्राफीनं मोजलेलं आहे. म्हणून "बाबा बरे झाले पण उठंनात, नाटक करत्यात" असं म्हणू नका, त्यांचे पाय खरंच संपलेले असतात, महिनोन्महिने व्यायाम लागतो. रात्री दचकून उठणं, विसरणं, चिडणं, हेही त्यातलंच. आयसीयूत पेशंट भ्रमिष्टासारखं बोलायला लागतो, माणसं ओळखत नाही, म्हातारी माणसं तर फार. दिवस-रात्र कळत नाही, चेहरे अनोळखी, त्यात चष्मा नाही आणि कानातलं मशीन नाही. ते सगळं बाहेर पिशवीत पडलेलं असतं, हरवंल म्हणून. तेवढं आत आणून द्या, मी नाव घालून उशाशी ठेवते, आणि भेटायच्या वेळेत बाकी काही सुचलं नाही तर नाव घेऊन हाक मारा, आज वार कोणता ते सांगा, घरची म्हैस व्याली का ते सांगा.